मन सावरायला तुम्ही कोणाकडे जाता? वयाबरोबर ती माणसं बदलली का?

मृण्मयी_इंदूर

नमस्कार मंडळी,

राग आवर, मन घट्ट कर, आपलं दुःख आपल्यापाशी ठेव, हे ऐकतच आपण सगळे मोठे झालो. पण चाळिशी ओलांडल्यावर आजूबाजूला बघते, तर एकट्याने मन सांभाळणारं माणूस मला दिसतच नाही. प्रत्येकाचं कोणीतरी असतंच, फक्त ते मोठ्याने कोणी सांगत नाही.

आमच्याच घरात बघा. सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या. संध्याकाळी दिवा लावून झाला की रामबागेतल्या मैत्रिणीला फोन. विषय काय, तर भाजी काय केली, दूधवाला आला का, गुडघा कसा आहे. मनातलं असं त्या काही बोलतच नाहीत, पण फोन ठेवल्यावर चेहरा निवळलेला असतो. नवरा पन्नाशीचा. त्याचा कॉलेजपासूनचा एक मित्र इथेच होता, दोघं रविवारी स्कूटर काढून पोहे-जलेबी खायला जायचे. मित्राची जबलपूरला बदली झाली आणि तेव्हापासून नवऱ्याचा सगळा ताण एबी रोडच्या ट्रॅफिकवर निघतो. मुलगा पंचवीसचा, बंगळुरूला. फोनमध्ये ढीगभर ग्रुप, पण खरंच काही बिनसलं की रात्री मावसबहिणीला फोन करतो, आम्हाला नाही.

मी स्वतः पंचविशीत काहीही झालं की समोर येईल त्या मैत्रिणीला सांगून मोकळी व्हायची. आता निवड करते. ऑफिसचा वैताग एकीकडे, आईच्या तब्येतीची धास्ती दुसरीकडे, आणि जे मलाच धड सांगता येत नाही ते फक्त बहिणीकडे.

तर विचारायचं हे की तुम्ही कोणाकडे जाता? विशीत आणि आता यात काय बदललं? आणि बोलून खरंच फरक पडतो, की तेवढ्यापुरतं बरं वाटतं? माझं मत आधीच सांगून टाकते. मन सावरायला माणसाची मदत घेणं हा दुबळेपणा नाही. मोठेपणी शिकायचं ते एक काम आहे आणि ते आपल्याला कोणी शिकवत नाही.

सराफा_रात्री_बारा

ताई, आमचं मन मोकळं करायचं ठिकाण नावातच आहे. 😊 दुकानं बंद झाली, ठेले लागले की आम्ही चौघं सराफ्यात. हातात भुट्ट्याचा कीस, गर्दीत शेजारी शेजारी उभे. कोणी कोणाला 'बोल, काय झालं' विचारत नाही. खाता खाता एखाद्याच्या तोंडून अर्धं वाक्य निघतं, 'यार, घरी जावंसंच वाटत नाहीये.' बाकीचे मान हलवतात, एक जण साबुदाण्याची खिचडी घेऊन येतो. घंटाभराने घरी जातो तेव्हा खरंच हलकं वाटतं.

समोरासमोर खुर्च्या टाकून बसवलं तर आमच्यातला एकही बोलणार नाही.

ग्वाल्हेरचा_विनायक

थोडा वेगळा सूर लावतो. माझं वय अठ्ठावन्न. मन बिघडलं की मी तानपुरा काढतो, दार लावतो आणि घंटाभर खर्ज लावत बसतो. कोणाला सांगायला गेलं की तीच गोष्ट दुसऱ्यांदा भोगावी लागते. शिवाय आमचं ग्वाल्हेरचं मराठी जग केवढंसं! आमच्या लष्कर भागात सकाळी एकाला सांगितलेलं संध्याकाळी तिसऱ्याच घरातून सहानुभूती होऊन परत येतं. त्यापेक्षा आपलं मन आपण सांभाळलेलं बरं. प्रत्येकाला माणूस लागतंच, हे मला पटत नाही.

स्नेहलतागंज_७

विनायकजी, 'सहानुभूती होऊन परत येतं' याला शंभर टक्के अनुमोदन. आमच्या वाड्यात तर ती जिन्यावरच गाठायची.

मिलवाल्याचा_मुलगा

मला बाबांबद्दल लिहायचंय.

त्यांची मिल १९९१ मध्ये बंद पडली. त्या वेळी ते चाळिशीत होते. हातात कसब होतं, पण ते त्या सांच्यांवरचं. घरी ते काहीच बोलायचे नाहीत. आई विचारायची, आजी विचारायची, उत्तर एकच, 'होईल.' पण रविवारी ते न चुकता मिलच्या गेटवर जायचे, त्यांच्या खात्यातले सगळे जमायचे. कोर्टात तारीख काय पडली हे सांगायचं निमित्त. मी लहान असताना कधी कधी सोबत जायचो. तारखेचं बोलणं पाच मिनिटांत संपायचं. मग कोणाच्या मुलीचं जमलं, कोणाला भाजीची गाडी लावायला उधार पाहिजे, कोण गेल्या वेळी आला नव्हता आणि का आला नव्हता. जो यायचा नाही त्याच्या घरी त्याच दिवशी दोघं जण सायकलवर जाऊन येत.

मी मोठा झाल्यावर माझ्या लक्षात आलं की घरी 'होईल' म्हणायला लागणारं बळ ते तिथून आणत होते. ज्यांनी गेटवर येणं सोडलं त्यातले काही लवकर खचले, हे आमच्या गल्लीनेच पाहिलं आहे. थकलेले पैसे मिळाले २०२३ च्या डिसेंबरात, बत्तीस वर्षांनी. तोवर बाबा राहिले नव्हते, आईच्या नावाने आले. पैसे आल्याचं सांगायला बाबांचे दोन जुने सोबती घरी आले होते. आई त्यांच्यासमोर जी रडली, ती आमच्यासमोर बाबा गेले तेव्हाही रडली नव्हती.

तेव्हा मृण्मयीताई, पुरुष बोलत नाहीत असं सरसकट म्हणतात ते मला मान्य नाही. ते कुठे बोलतात हे घरच्यांना दिसत नाही, एवढंच.

मृण्मयी_इंदूर

वाचून गप्प झाले. 'गेल्या वेळी कोण आला नव्हता आणि का', हे विचारणारं कोणीतरी प्रत्येकाला असायला हवं.

अनुजा_के

मी इंदुरातच समुपदेशक म्हणून काम करते. मिलवाल्यादादांचं लिखाण वाचून लिहायला बसले.

विनायकजींचा मुद्दा आणि सराफ्याचा मुद्दा मला एकमेकांविरुद्ध वाटत नाही. आपण 'मदत' म्हटलं की 'बोलणं' धरून चालतो. २००६ मध्ये जेम्स कोअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला होता. विवाहित स्त्रियांना मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपवलं आणि विजेचा हलका झटका बसू शकतो अशी खूण दाखवली. कधी हात मोकळा, कधी हातात अनोळखी माणसाचा हात, कधी नवऱ्याचा. नवऱ्याचा हात असताना मेंदूतली धोक्याची हालचाल सगळ्यात जास्त निवळली, अनोळखी हाताने त्याहून कमी. आणि ज्यांचं नवऱ्याशी चांगलं जमत होतं त्यांना जास्त फायदा. यात एक शब्दही कोणी बोलत नव्हतं.

सासूबाईंचा 'भाजी काय केली' हा फोन मला त्या हातासारखाच वाटतो.

काका_लोकमान्यनगर

अनुजाबाई, किती बायका होत्या त्या प्रयोगात?

अनुजा_के

सोळा, काका. 😊 त्यावरून साऱ्या जगाबद्दल बोलू नये हे खरं. पण माझ्याकडे येणाऱ्यांत मी जे पाहते त्याच्याशी ते जुळतं, म्हणून सांगितलं.

काका_लोकमान्यनगर

मग ठीक. मी चौऱ्याहत्तरचा आहे, चौपन्न वर्षं लग्नाला झाली. आमच्या सौ. हात धरतात ते फक्त रस्ता ओलांडताना, आणि तेव्हा मी खरंच निर्धास्त असतो.

स्नेहलतागंज_७

काका 😂 काकूंना हा धागा दाखवा.

सराफा_रात्री_बारा

अनुजाताई, एक शंका. सराफ्यात उभं राहिलं की बरं वाटतं हे वर लिहिलं. पण आमचाच ऑफिसच्या लोकांचा एक ग्रुप आहे, तिथे रात्री दोन दोन वाजेपर्यंत बॉसबद्दल बोलतो. मीटिंगमध्ये तो काय म्हणाला, का म्हणाला, अप्रेजलमध्ये काय करणार. सगळे एकमेकांची बाजू घेतात, खूप आपलेपणा वाटतो. आणि सकाळी उठलं की छातीवर दगड. माणसं साधारण तीच, मित्रही तेच. मग असं का?

अनुजा_के

फार नेमकं पकडलंत. यावर अमांडा रोज यांचं २००२ चं शाळकरी मुलामुलींवरचं काम आहे. मित्र-मैत्रिणी मिळून एकच दुःख पुन्हा पुन्हा उगाळत बसले की दोन गोष्टी एकदमच होताना दिसल्या. मैत्री जास्त घट्ट आणि उदासी, चिंताही जास्त. म्हणूनच ती सवय सुटत नाही, कारण जवळीक खरीच मिळत असते.

बेल्जियममधले बर्नार रिमे यांनी आयुष्यभर हाच विषय धरला. माणसं भावनेचा जवळपास प्रत्येक मोठा प्रसंग कोणाला ना कोणाला सांगतातच, बहुतेकदा त्याच दिवशी. पण नुसतं सांगितल्याने मनावरचं ओझं कमी होतं असं त्यांना आढळलं नाही. सांगणाऱ्याला 'बरं वाटलं' असं मात्र वाटतं. ऐकणाऱ्याने गोष्टीकडे वेगळ्या बाजूने बघायला मदत केली तर ओझं हलतं. म्हणजे मृण्मयीताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकणाऱ्यावर बरंच अवलंबून आहे.

सराफ्यात तुम्ही एक वाक्य बोलता, मग खाता, हसता, चालता. मन तिथून हलतं. ग्रुपवर ते तिथेच फिरत राहतं.

सराफा_रात्री_बारा

म्हणजे ग्रुप सोडू?

अनुजा_के

सोडू नका. बारानंतर म्यूट करा, आणि कोणी फार त्रासात दिसला तर त्याला सराफ्यात आणा.

मीरा_वडोदरा

मी वडोदऱ्याची, दांडिया बाजारात राहते. तुमचा इंदूरचा धागा, पण राहवलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आमचे हे गेले. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची. आमच्या भजनी मंडळाच्या बायका आल्या. एकीने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, दुसरीने येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांभाळलं. तिसरीने मला पाठीमागच्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं आणि म्हणाली, 'आता कोणी नाही, रड.' तेराव्यानंतर पाहुणे गेले. तेव्हाही एक जण रोज सकाळी सहाला खाली उभी राहून हाक मारायची, सयाजी बागेत फिरायला. मला नको असायचं. ती म्हणायची, 'नको असू दे, चपला घाल.' त्या चपलांनी मला बाहेर काढलं.

पण एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगते. दुःखाला माणसं मिळतात, माझ्या आनंदाला माणूस उरलं नाही. नातीला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला, माझा हात आपोआप ह्यांचा नंबर लावायला गेला. मंडळात सांगितलं, सगळ्यांनी 'अरे वा' म्हटलं आणि पुढचा अभंग सुरू झाला. त्यांचं काही चुकलं नाही. पण हे असते तर तासभर विचारत बसले असते, कोणती शाखा, कोण शिकवतं, वसतिगृहाचं काय, पहिलं कोणाला सांगितलं तिने. तो तासभर गेला आहे माझा.

मृण्मयी_इंदूर

मीराताई, कोणती शाखा? आणि तिने पहिलं कोणाला सांगितलं?

मीरा_वडोदरा

बाई गं, रडवलंस. आर्किटेक्चर. आणि पहिलं मलाच सांगितलं, आईच्याही आधी.

स्नेहलतागंज_७

आर्किटेक्चर! वसतिगृहाचं काय झालं मग? मेस कशी आहे?

अनुजा_के

मृण्मयीताई आणि स्नेहलतागंज आत्ता जे करतायत ते फार मोलाचं आहे. शेली गेबल यांनी २००४ मध्ये यावर लिहिलं. चांगली बातमी सांगितल्यावर समोरचा उत्साहाने खोदून विचारतो तेव्हा सांगणाऱ्याचा आनंद त्या घटनेपेक्षाही वाढतो, आणि नातंही. आपल्याकडे दुःखाला धावून जायची रीत पक्की आहे. आनंदाला मात्र 'नजर लागेल' म्हणून आपण आवाज खाली आणतो.

काका_लोकमान्यनगर

मूळ प्रश्नावर येतो. वयाने काय बदललं?

विशीत माझी पंचवीस-तीस जणांची टोळी होती. यशवंत क्लबच्या बाहेरच्या भिंतीवरून मॅच बघणारे आम्ही. आता तिघं उरलो. त्यातला एक कॅनडात मुलाकडे, म्हणजे माझी सकाळ त्याची रात्र. पण खरं सांगतो, या दोघांशी जे नातं आहे ते तेव्हा तीस जणांत एकाशीही नव्हतं. तेव्हा भांडणं, चढाओढ, कोण कोणाकडे गेला, कोणी बोलावलं नाही. आता राग येत नाही असं नाही. पण 'हा जाऊ दे, असाच आहे' हे पटकन जमतं.

अनुजा_के

काका, स्टॅनफर्डच्या लॉरा कारस्टेन्सन यांचा सिद्धांत हेच म्हणतो. हातात वेळ थोडा आहे असं वाटलं की माणूस नव्या ओळखी, नवी माहिती यापेक्षा मनाला भावणाऱ्या थोड्या माणसांकडे वळतो. मोठ्या वयात बाहेरच्या ओळखी गळतात आणि आतली माणसं टिकतात. बाईंचा मुद्दा असा की हे वयामुळे नाही, वेळेच्या जाणिवेमुळे होतं. गंभीर आजारात किंवा गाव सोडून जाताना तरुणही तसंच निवडतात.

काका_लोकमान्यनगर

इथे मी सहमत नाही. 'वळतो', 'निवडतो' हे शब्द फार गोड आहेत. मी तीसातून तीन निवडले नाहीत. एकोणीस वारले, काही पुण्याला मुलांकडे गेले, दोघांची स्मृती गेली. उरलेल्यांवर मी जास्त प्रेम करतो हे खरं, पण त्याला निवड म्हणू नका. जी माणसं तुमचं मन सांभाळत होती ती जायला लागली की काय करायचं, याचं उत्तर त्या सिद्धांतात आहे का?

अनुजा_के

नाही, काका. तुमचं म्हणणं बरोबर आहे. काही गळती आपण करतो, काही आपल्यावर येते. दुसऱ्या प्रकारासाठी आपल्याला कोणीच तयार करत नाही.

रेवा_सुदामानगर

बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहिते.

लहानपणापासून मी घाबरले, चिडले, हरले की बाबांकडे जायची. ते काही उपदेश करत नसत. आमच्या ओट्यावर बसवून म्हणत, 'पहिल्यापासून सांग.' आणि मी सांगायला लागले की मधे मधे विचारत, 'मग तो काय म्हणाला? तू तेव्हा कुठे उभी होतीस?' सांगता सांगता मलाच कळायचं की आपण कशाने दुखावलो. लग्न मोडलं तेव्हाही असंच. नोकरी बदलतानाही असंच. चाळीस वर्षांची होईपर्यंत मला दुसऱ्या कोणाची गरजच पडली नाही.

आता ते एक्क्याऐंशीचे आहेत, डिमेन्शिया आहे. संध्याकाळ झाली की अस्वस्थ होतात, 'घरी चल' म्हणतात, घरातच असताना. सुरुवातीला मी समजवायची की हेच आपलं घर आहे. त्याने ते आणखी घाबरायचे. डॉक्टरांनी सांगितलं की खरं-खोटं करू नका, त्यांच्या भीतीला उत्तर द्या. तेव्हापासून मी विचारते, 'घरी कोण कोण आहे?' मग ते सांगतात, आजी, विहीर, मोठं चिंचेचं झाड. हळूहळू शांत होतात. 'पहिल्यापासून सांग' हे आता मी त्यांना म्हणते.

पण माझं काय? दिवसभर त्यांचं मन सांभाळून रात्री मी ओट्यावर येते तेव्हा तिथे कोणी नसतं. मैत्रिणी विचारतात, मी 'ठीक' म्हणते, कारण सांगायला लागले तर पहिल्यापासून सांगावं लागेल आणि तेवढा वेळ कोणाला असतो. काकांनी विचारलेला प्रश्न माझाही आहे.

ग्वाल्हेरचा_विनायक

रेवाताई, तुमचं वाचून एक आठवण लिहितो. इतक्या वर्षांत कोणाला सांगितली नाही.

माझे वडील गेले तेव्हा मी पस्तिशीचा. तेरावं झाल्यावर पहिल्यांदा गुरुजींकडे गेलो. ते काही बोलले नाहीत. तानपुरा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, 'सा लाव.' माझा आवाजच लागेना. मग त्यांनी स्वतः सा लावला आणि माझा लागेपर्यंत ते थांबले नाहीत. बराच वेळ गेला. शेवटी दोघांचा एकत्र लागला. मी घरी आलो आणि त्या रात्री पहिल्यांदा झोपलो.

दार लावून खर्ज लावतो असं मी वर लिहिलं. आज लिहिताना जाणवतं की त्या खोलीत मी कधीच एकटा बसत नाही. बोलणं मला अजूनही जमत नाही, सोबत मात्र चालते. आणि 'सांगितलेलं फिरून परत येतं' हा माझा मुद्दा कायम आहे. ज्याच्याकडे जायचं तो तोंडाचा पक्का हवा.

स्नेहलतागंज_७

😭 🙏

मिलवाल्याचा_मुलगा

'माझा लागेपर्यंत ते थांबले नाहीत.' विनायकदादा, हे मी आईला वाचून दाखवलं.

जेलरोडचा_निनाद

नवा सभासद. एक सरळ प्रश्न. सोबत, मैत्री सगळं मान्य. पण माणसं पुरेशी नाहीत हे कधी ओळखायचं? माझा भाऊ काही महिने नीट झोपत नाही, नाटकाची आवड होती, इथल्या सानंद संस्थेच्या प्रयोगांची तिकिटं घरात पडून राहतात. आम्ही 'बोल ना' म्हणून थकलो.

अनुजा_के

निनाद, वाट पाहू नका. झोप, भूक, आवडीच्या गोष्टीतला रस दोन आठवड्यांहून जास्त काळ गेला असेल तर डॉक्टरांना दाखवायचं, तुमच्या भावाच्या बाबतीत तर तो काळ केव्हाच उलटला आहे. तो तयार नसेल तर आधी तुम्ही एकटे जाऊन विचारा, तेही चालतं. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र आणि फुकट. घरच्यांनाही फोन करता येतो. जिवाचं बरंवाईट करायचं बोलत असेल तर आजच त्याला एकटं सोडू नका आणि थेट रुग्णालयात न्या.

आणि 'बोल ना' थांबवून बघा. नायल बोल्गर यांनी न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्यांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या रोजच्या नोंदी घेतल्या होत्या, २००० सालचं काम. जी मदत परीक्षार्थीच्या लक्षात आली, तिने त्याचं मन बरेचदा जास्तच खाली गेलं. जोडीदाराने केली पण ह्याला कळली नाही, ती जास्त उपयोगी पडली. कारण मदत दिसली की आपण ढासळतोय हेही दिसतं. भावाला स्कूटरवर मागे बसवून कामाला घेऊन जा. वाटेत चहा. विषय काढू नका.

जेलरोडचा_निनाद

आभार. फोन लावतो आज. स्कूटरचंही बघतो.

मृण्मयी_इंदूर

निनाद, काय झालं ते जमेल तेव्हा इथे सांगा. नाही सांगितलंत तर आम्ही विचारू.

आता माझ्या प्रश्नाबद्दल, कारण काका आणि रेवा यांनी तो जिथे नेला तिथे मी सुरुवातीला पोचलेच नव्हते.

सासूबाईंना हा सगळा धागा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, रामबागवाली माझी तिसरी. पहिली मैत्रीण लग्नात सुटली, देवासला. दुसरी दहा वर्षांपूर्वी वारली. तेव्हा त्या सहा महिने कोणाशी बोलल्या नाहीत, हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. एका नाटकाच्या मध्यंतरात शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंना त्यांनी स्वतःहून विचारलं, 'तुम्ही कुठे राहता? मला फोन करायला कोणी नाही, तुम्हाला करू का?' पासष्टीच्या पुढच्या बाईने, असं! त्या रामबागवाल्या माझ्या सासूबाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत.

मी विचारलं, लाज नाही वाटली? म्हणाल्या, 'वाटली. पण ती मध्यंतरापुरतीच.'

म्हणून माझं म्हणणं थोडं पुढे सरकवते. आतापर्यंत मी कोणाकडे काय न्यायचं हे ओळखण्यालाच शहाणपण समजत होते. पण जागा रिकामी झाली की तिथे नवं माणूस मागणं, तोंडाने, स्पष्ट मागणं, हे त्याहून अवघड काम आहे. आणि ते साठीत, सत्तरीतही करावं लागतं. नवऱ्यालाही वाचायला दिलाय धागा. मिलवाल्यादादांच्या लिखाणापाशी बराच वेळ थांबला होता. आज रविवार, जबलपूरला फोन चालू आहे, एकीकडे इकडे पोहे, तिकडे पोहे.

सराफा_रात्री_बारा

जबलपूरचे पोहे? भिया, पोह्यांवरचा जीरावण मसाला पाठवा त्यांना कुरियरने. 😊

काका_लोकमान्यनगर

मृण्मयी, सासूबाईंना माझा नमस्कार सांग. 'मध्यंतरापुरतीच' हे मी लक्षात ठेवणार.

रेवा, तुला विचारतो. बाबा क्रिकेटचे शौकीन आहेत का? एक्क्याऐंशीचा इंदूरकर आहे म्हणून विचारतोय.

रेवा_सुदामानगर

शौकीन! काका, त्यांना जेवलो का ते आठवत नाही, पण नेहरू स्टेडियमवरची वेस्ट इंडीजची मॅच पाठ आहे. रोज सांगतात. मी इतक्यांदा ऐकली आहे की आता नुसती मान हलवते, आणि ते त्यांना कळतं.

काका_लोकमान्यनगर

१ डिसेंबर १९८३. मी होतो तिथे. वर्ल्ड कप जिंकून आलेला आपला संघ आणि चिडून आलेला त्यांचा. आपण हरलो, पण माणसं उठायला तयार नव्हती.

मीरा_वडोदरा

त्याआधी ९ नोव्हेंबरला आमच्या मोतीबागेवर झाली होती! तीही हरलोच. आमचे हे रात्री जेवले नव्हते.

काका_लोकमान्यनगर

मीराताई, त्या मालिकेत सगळ्याच हरलो, त्यामुळे जेवण सुटलेले पुष्कळ असतील.

रेवा, मी लोकमान्यनगरला, तू सुदामानगरला, रिक्षाने किती वेळ लागतो. ते संध्याकाळी अस्वस्थ होतात म्हणालीस ना? मी पाचला येऊन बसतो त्यांच्यापाशी. मला ती मॅच नव्याने ऐकायची आहे आणि मधे मधे माझंही सांगायचं आहे. माझ्यासोबत ती पाहिलेला मित्र आता राहिला नाही, तेव्हा हे मी तुझ्यासाठीच करतोय असं मुळीच समजू नकोस. तू तेवढा वेळ ओट्यावर बस, फिरायला जा, कोणाला फोन कर.

रेवा_सुदामानगर

काका, काय लिहू. ते कधी कधी चिडतात, ओळखत नाहीत, 'कोण आहात' विचारतात दर दहा मिनिटांनी.

काका_लोकमान्यनगर

दर दहा मिनिटांनी ओळख करून देईन. बुधवार चालेल?

स्नेहलतागंज_७

रेवा, बुधवारी पाच ते सात तू मोकळी असशील तर मी येते. पहिल्यापासून सांग. मला भरपूर वेळ आहे आणि मी तोंडाची पक्की आहे, विनायकजींनी काळजी करू नये.

रेवा_सुदामानगर

बुधवार चालेल. दोघांनाही व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, पत्ता आणि फोन त्यात आहे. काका, कचोरी वगैरे काही आणू नका, त्यांना तिखट बंद आहे. आणि बेल वाजवू नका, ते दचकतात. खालून फोन करा, मी येते.